संरक्षणाचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ

देशाच्या संरक्षणासाठी नेमका किती पैसा खर्च करावा, हा प्रश्न लोकशाही राष्ट्रांतही क्वचितच उघडपणे विचारला जातो. शाळेच्या इमारतीसाठी किंवा गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी पै-पैचा हिशेब मागणारे लोकप्रतिनिधी संरक्षणाची मागणी पुढे आली की आवाज खाली आणतात. सेनापतींनी आपल्या गरजांची यादी द्यावी, अर्थखात्याने तिजोरीकडे बोट दाखवावे आणि या ओढाताणीतून जो आकडा निघेल त्याला राष्ट्रीय धोरण म्हणावे, अशीच रीत बहुतेक देशांत चालत आली. गरजेचा विचार एका दालनात आणि पैशाचा विचार दुसऱ्या दालनात, हा खऱ्या अर्थाने विचारच नव्हे, ही गोष्ट जगातील सर्वांत बलाढ्य सैन्यदलाच्या गळी उतरविणारा माणूस सेनापती नव्हता आणि राजकारणीही नव्हता. तो अर्थशास्त्राचा अध्यापक होता. चार्ल्स जॉन्स्टन हिच हे त्याचे नाव.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव अपरिचित नाही. अल्पाधिकाराच्या प्रकरणात, मध्येच कोन करून वळणारी मागणीची रेषा शिकविताना 'हॉल आणि हिच' ही जोडी हटकून फळ्यावर येते. परंतु उत्तरपत्रिकांतून वर्षानुवर्षे लिहिले जाणारे हे नाव ज्यांचे, तेच हिच पुढे अमेरिकेच्या संरक्षणखर्चाचे सूत्रधार झाले, एका प्रचंड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि अखेर निसर्गसंपत्तीच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका धोरणसंस्थेचे प्रमुख झाले, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. या साऱ्या भूमिकांतून त्यांनी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला. एखादी गोष्ट मिळविण्यासाठी दुसरी कोणती सोडावी लागते? आणि या प्रश्नाच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. जे मिळाले आणि जे सोडले, ते मोजायचे कोणत्या मापाने?

कारखानदारांच्या दारी

हिच यांचा जन्म ९ जानेवारी १९१० रोजी मिसुरी राज्यातील बूनव्हिल या गावी झाला. अ‍ॅरिझोना विद्यापीठाची पदवी १९३१ मध्ये मिळवून आणि काही काळ हार्वर्डमध्ये काढून ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. अमेरिकेतून आलेल्या ऱ्होड्स विद्यार्थ्यांपैकी ऑक्सफर्डच्या अध्यापकवर्गात स्थान मिळविणारे ते पहिले मानले जातात. १९३५ पासून क्वीन्स कॉलेजचे फेलो म्हणून त्यांनी अध्यापनास आरंभ केला.

तो काळ महामंदीचा होता. बाजारात माल पडून होता, कामगार बेकार होते आणि पुस्तकातील सिद्धांत मात्र सांगत होता की, प्रत्येक उत्पादक सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती यांची बरोबरी साधूनच किंमत ठरवितो. ऑक्सफर्डमधील काही अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट करावयाचे ठरविले. किंमत ठरविणाऱ्यांनाच बोलावून विचारावयाचे. अडतीस उद्योजकांच्या मुलाखतींच्या आधारे रॉबर्ट हॉल आणि चार्ल्स हिच यांनी १९३९ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. बहुतेक उद्योजकांना सीमांत प्राप्ती ही कल्पनाच ठाऊक नव्हती. एकूण सरासरी खर्च काढावा, त्यावर नफ्याचे रूढ प्रमाण चढवावे आणि तीच किंमत शक्यतो टिकवावी, असा त्यांचा व्यवहार होता. आपण भाव वाढविला तर प्रतिस्पर्धी वाढविणार नाहीत आणि आपण उतरविला तर तेही उतरवितील, या धास्तीने किंमत एका जागी खिळून राहते, असे त्याचे स्पष्टीकरण या दोघांनी दिले. अमेरिकेत पॉल स्वीझी यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तशीच रेषा मांडली.

या प्रबंधावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु हिच यांच्या पुढील आयुष्याची किल्ली त्यात आहे. निर्णय घेणारा माणूस प्रत्यक्षात कसा निर्णय घेतो, हे आधी पाहावे आणि त्याने तो कसा घ्यावा, हे नंतर सांगावे, ही शिस्त त्यांनी येथे अंगी बाणविली.

दुसरे महायुद्ध सुरू होताच हिच यांना सरकारी कामात ओढले गेले. लंडनमधील अमेरिकी आर्थिक शिष्टमंडळ, वॉशिंग्टनचे युद्धोत्पादन मंडळ, सामरिक सेवा कार्यालय अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांनी काम केले. पोलाद मर्यादित, जहाजे मर्यादित, मनुष्यबळही मर्यादित. युद्धकाळात टंचाई हा शब्द वर्गातून बाहेर येऊन दारात उभा राहतो आणि प्रत्येक निर्णयाला दुसऱ्या कशाची तरी किंमत मोजावी लागते, हे त्यांना रोज दिसत होते.

रँडमधील तेरा वर्षे

१९४८ मध्ये हिच कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनमध्ये अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून आले. अमेरिकी हवाईदलाच्या पैशावर चालणारी पण स्वतंत्र ठेवलेली ही संशोधनसंस्था गणिती, पदार्थवैज्ञानिक आणि अभियंते यांनी भरलेली होती. बाँबफेकी विमानांचा आदर्श ताफा कसा असावा, हे समीकरणे मांडून ठरविता येईल, असा तेथे दांडगा विश्वास होता. १९५० मध्ये असा एक मोठा अभ्यास पुरा झाला आणि स्वस्त, संथ विमाने फार मोठ्या संख्येने वापरावीत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ज्यांच्या पैशावर अभ्यास झाला ते हवाईदलाचे अधिकारी त्यावर नाराज झाले. समीकरणात विमानांच्या किमती होत्या, पण त्या विमानांतून जाणाऱ्या वैमानिकांच्या प्राणांना स्थान नव्हते. बेरीज बिनचूक होती. ती चुकीच्या गोष्टीची होती.

हिच यांनी यावरून जो धडा घेतला तो त्यांच्या १९५३ च्या निबंधात सापडतो. कोणताही विश्लेषक साऱ्या जगाचा प्रश्न एका वेळी सोडवू शकत नाही, त्याला त्याचा एक तुकडाच घ्यावा लागतो. मात्र त्या तुकड्यासाठी निवडलेला निकष वरच्या, मोठ्या उद्दिष्टाशी जुळणारा असला पाहिजे. युद्धकाळातील व्यापारी जहाजांच्या काफिल्यांचा दाखला येथे बोलका आहे. काफिला जितका मोठा तितकी बुडणाऱ्या जहाजांची टक्केवारी कमी, हे आकडेवारीने सिद्ध झाले होते. परंतु मोठा काफिला जमविण्यात दिवस जातात, बंदरांत गर्दी होते आणि माल उशिरा पोहोचतो. जहाजे वाचविणे हे साधन होते, युद्ध जिंकणे हे साध्य. साधनालाच साध्य समजले की उत्तम गणितही माणसाला आडवाटेला नेते.

याच काळात त्यांनी आपला सहकारी अल्बर्ट वोलस्टेटर याच्याकडे हवाईदलाच्या परदेशी तळांचा प्रश्न सोपविला. वरकरणी तो कंत्राटदाराचा प्रश्न होता. कमी खर्चात तळ कोठे बांधावेत, एवढाच. परंतु अभ्यासातून निघाले ते असे की, शत्रूच्या जवळ बांधलेले तळ स्वस्त असले तरी पहिल्याच हल्ल्यात नष्ट होतील. त्यापेक्षा विमाने स्वदेशात ठेवून परदेशी तळांवर केवळ इंधन भरणे अधिक सुरक्षित आणि पैशाच्या दृष्टीनेही फायद्याचे. १९५४ च्या या अहवालाने हवाईदलाचे धोरण बदलले. प्रश्न नीट विचारला तर उत्तर निम्मे हाती येते, याचे हे उदाहरण होय.

या अनुभवाचे सार रोलंड मॅकीन यांच्या साह्याने हिच यांनी १९६० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. अण्वस्त्रयुगातील संरक्षणाचे अर्थशास्त्र हा त्याचा विषय. संरक्षण हा अर्थशास्त्राबाहेरचा पवित्र प्रांत नसून मर्यादित साधनांचा उत्तम विनियोग करण्याचाच तो प्रश्न आहे, हे त्याचे प्रतिपादन होते. सैनिकी गरज आणि खर्च या दोन गोष्टी अलग नाहीत. खर्च ठाऊक असल्याशिवाय गरज ठरविताच येत नाही, कारण एका गोष्टीवर खर्ची पडलेला पैसा दुसऱ्या गरजेतूनच वजा होत असतो.

पेंटॅगॉनमधील क्रांती

केनेडी यांच्या कारकीर्दीत रॉबर्ट मॅकनामारा संरक्षणमंत्री झाले आणि त्यांनी १९६१ मध्ये या ग्रंथाच्या लेखकालाच वित्तनियंत्रक व साहाय्यक संरक्षणमंत्री म्हणून पाचारण केले. अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग तेव्हा संरक्षणावर जात होता. तो कसा ठरत होता? प्रथम एक एकूण मर्यादा ठरे. ती भूदल, नौदल आणि हवाईदल यांच्यात जवळपास ठरलेल्या प्रमाणात वाटली जाई. मग प्रत्येक दल आपापल्या आवडीप्रमाणे खर्च करी. भूदल दीर्घ युद्धाची तयारी करी तर हवाईदल काही दिवसांत संपणाऱ्या अण्वस्त्रयुद्धाची. भूदलाच्या पलटणी परदेशी नेण्याची विमाने हवाईदलाने पुरवावयाची, पण हवाईदलाचे लक्ष बाँबफेकी विमानांवर. अंदाजपत्रक एका वर्षाचे आणि तेही वेतन, खरेदी, बांधकाम, देखभाल अशा शीर्षांखाली. एवढ्या पैशातून देशाला कोणते सामर्थ्य मिळते, याचा उलगडा त्यातून कोणालाच होत नसे.

हिच यांनी हा ताळेबंदच उलटा मांडला. सारा खर्च त्यांनी नऊ मोठ्या कार्यक्रमांत विभागला. आण्विक प्रत्याघाताची दले, खंडाच्या हवाई संरक्षणाची दले, सर्वसाधारण युद्धाची दले, वाहतूक, राखीव सैन्य, संशोधन इत्यादी. पाणबुडीतून सुटणारे पोलॅरिस क्षेपणास्त्र नौदलाचे म्हणून विमानवाहू जहाजाशी तोलले जात होते. आता ते हवाईदलाच्या मिनिटमन क्षेपणास्त्राशी तोलले जाऊ लागले, कारण दोघांचे काम एकच. प्रत्येक शस्त्राचा संशोधनापासून देखभालीपर्यंतचा पुरा खर्च पाच वर्षांसाठी मांडावयाचा आणि वेगवेगळे पर्याय समोर ठेवूनच निवड करावयाची, असा दंडक पडला. नियोजन, कार्यक्रम आणि अंदाजपत्रक यांची ही साखळी पुढे जगभर गाजली. सारे स्थिरस्थावर करण्यासाठी हिच यांना पुरेसा अवधी हवा होता. मॅकनामारा यांनी ते पहिल्याच अंदाजपत्रकात करावयास लावले आणि हिच यांनी ते करून दाखविले.

सेनाधिकाऱ्यांना हा सारा प्रकार रुचला नाही. ज्यांनी युद्धभूमी पाहिली नाही अशा तरुण अर्थतज्ज्ञांनी आपल्याला जाब विचारावा, याचा त्यांना संताप येई. तो केवळ अहंकार होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६२ च्या अखेरीस रद्द झालेल्या स्कायबोल्ट या क्षेपणास्त्राचे प्रकरण पाहावे. खर्च वाढत होता, चाचण्या फसत होत्या आणि तेच काम इतर अस्त्रे स्वस्तात करीत होती. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय निर्विवाद होता. परंतु ब्रिटनने आपले सारे आण्विक धोरण याच क्षेपणास्त्रावर उभे केले होते. मित्रराष्ट्रात खळबळ उडाली आणि नासाऊ येथे केनेडी व पंतप्रधान मॅकमिलन यांना एकत्र बसून ब्रिटनला पोलॅरिस देण्याचा तोडगा काढावा लागला. मित्राचा विश्वास या रकान्याला तक्त्यात जागा नव्हती.

पद्धतीचे कर्मकांड

हिच १९६५ च्या उन्हाळ्यात संरक्षणखात्यातून बाहेर पडले. त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. जुलैअखेर अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाममध्ये मोठ्या प्रमाणावर सैन्य पाठविण्याचा निर्णय जाहीर केला आणि ऑगस्टमध्ये हिच यांची अंदाजपत्रकपद्धती साऱ्या केंद्रीय खात्यांना लागू करण्याचा आदेश दिला.

पहिली गोष्ट शोकांतिका ठरली. व्हिएतनाममध्ये जावे किंवा न जावे, हा निर्णय हिच यांच्या पद्धतीने घेतलाच गेला नव्हता. तेथे पर्यायांची तुलना झाली नाही, आकड्यांची आराधना तेवढी झाली. शत्रूचे किती सैनिक मारले, ही मोजदाद विजयाचे माप बनली आणि काफिल्याच्या उदाहरणातील चूक माणसांच्या प्राणांवर गिरवली गेली. तरीही हिच यांच्या वारशाला यातून पूर्णपणे सोडविता येत नाही. जे मोजता येते तेच खरे, असे वातावरण ज्या इमारतीत तयार झाले, तिच्या हिशेबाच्या दालनात ते चार वर्षे बसले होते. त्यांनी ग्रंथात घातलेला इशारा त्या दालनाबाहेर फारसा पोहोचला नाही.

दुसरी गोष्ट प्रहसन ठरली. संरक्षणखात्यात या पद्धतीमागे रँडमधील दशकाहून अधिक काळाचा अभ्यास उभा होता. शिक्षण, आरोग्य, शेती या खात्यांपाशी तसे काहीच नव्हते. त्यांनी नमुने भरले, तक्ते जोडले, कागदांचे ढीग वर पाठविले आणि निर्णय पूर्वीप्रमाणेच घेतले. १९७१ मध्ये मुलकी खात्यांतून ही सक्ती निमूटपणे उठविण्यात आली. संरक्षणखात्यात मात्र ती सुधारलेल्या रूपात टिकून राहिली.

विद्यापीठाच्या तराजूत

संरक्षणखाते सोडून हिच कॅलिफोर्निया विद्यापीठात वित्तविभागाचे उपाध्यक्ष म्हणून आले आणि १ जानेवारी १९६८ रोजी त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. नऊ परिसरांच्या या विद्यापीठाची गादी तेव्हा काट्यांची होती. आधीचे अध्यक्ष क्लार्क कर यांना गव्हर्नर रोनाल्ड रेगन सत्तेवर येताच, जानेवारी १९६७ मध्ये, नियामक मंडळाने दूर केले होते. विद्यार्थी युद्धविरोधी आंदोलनात पेटलेले, करदाते विद्यार्थ्यांवर चिडलेले, गव्हर्नर खर्चाला कात्री लावण्यास सज्ज आणि नियामक मंडळात ते स्वतः सदस्य. त्यातच लॉस अलामॉस व लिव्हरमोर या अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळा हेच विद्यापीठ चालवीत होते. पेंटॅगॉनमधून आलेल्या अध्यक्षाकडे तरुणांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे सांगावयास नको.

१९६९ च्या मे महिन्यात बर्कलेतील एका मोकळ्या जागेवरून झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मरण पावला आणि शहरात नॅशनल गार्डचे सैनिक आले. १९७० मध्ये नियामक मंडळाने शैक्षणिक शुल्क बसविले आणि राज्यातील विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क न आकारण्याची शतकभराची परंपरा खंडित झाली. हिच यांनी १९७५ पर्यंत, साडेसात वर्षे, विद्यापीठ सांभाळले. तेजस्वी भाषणे त्यांच्या स्वभावात नव्हती. ज्या काळात विद्यापीठांचे अध्यक्ष एकामागून एक पायउतार होत होते, त्या काळात संस्था मोडू न देता त्यांनी ती पुढच्या अध्यक्षाच्या हाती दिली. परंतु त्यांच्या हिशेबशास्त्राला येथे खरा अडथळा भेटला. दोन क्षेपणास्त्रांची तुलना करता येते, कारण त्यांचे काम ठरलेले असते. संस्कृतचा एक अध्यापक आणि रसायनशास्त्राची एक प्रयोगशाळा यांची तुलना कोणत्या एककात करावयाची? याच बर्कलेत राज्यशास्त्राचे प्राध्यापक एरन विल्डाव्हस्की नव्या अंदाजपत्रकपद्धतीवर टीकेची झोड उठवीत होते. अंदाजपत्रक हा मुळात राजकीय तडजोडीचा दस्तऐवज आहे आणि गणिताने राजकारण नाहीसे होत नाही, हा त्यांचा मुद्दा. विद्यापीठाच्या अध्यक्षाला तो रोज अनुभवास येत असला पाहिजे.

दरीची किंमत

१९७५ मध्ये हिच वॉशिंग्टनच्या 'रिसोर्सेस फॉर द फ्यूचर' या संस्थेचे अध्यक्ष झाले. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी १९५२ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानाच्या साह्याने ती स्थापन झाली होती. १९७३ च्या तेलसंकटाने तिचा विषय एकाएकी साऱ्या राष्ट्राच्या जिव्हाळ्याचा झाला. ऊर्जेचा वापर घटला तर राष्ट्रीय उत्पन्न घटलेच पाहिजे काय, हा त्या वेळचा कळीचा प्रश्न होता. हिच यांनी पूर्वीच्याच शिस्तीने एका भाकितावर विसंबण्याऐवजी ऊर्जा आणि अर्थव्यवस्था यांचे नाते सांगणारी पाच निरनिराळी प्रतिमाने शेजारी शेजारी मांडणारा ग्रंथ १९७७ मध्ये संपादित केला. फोर्ड प्रतिष्ठानाचा आधार आटत असतानाच्या दिवसांत संस्था चालविण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. १९७९ मध्ये त्यांनी ती जबाबदारी सोडली.

या संस्थेत जॉन क्रुटिला हे अर्थतज्ज्ञ फार पूर्वीपासून एका वेगळ्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत होते. स्नेक नदीवरील हेल्स कॅन्यन या खोल दरीत धरण बांधावे काय? विजेची किंमत काढता येते. अस्पर्श राहिलेल्या दरीची किंमत काय? क्रुटिला यांचे म्हणणे असे की, ती शून्य धरणे हाही एक हिशेबच आहे आणि तो खोटा आहे. वीज दुसरीकडे निर्माण करता येईल, दरी पुन्हा निर्माण करता येणार नाही. १९७५ च्या अखेरीस कायद्याने त्या दरीला संरक्षण मिळाले. ज्या रकान्याला तक्त्यात जागा नसते त्यासाठी प्रामाणिकपणे जागा करणे, ही अर्थशास्त्राची पुढची पायरी होती आणि वैमानिकांचे प्राण विसरणाऱ्या समीकरणांपासून निघालेले हिच अशा अभ्यासाचे घर सांभाळण्यापाशी येऊन पोहोचले होते. ११ सप्टेंबर १९९५ रोजी वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

हा विचार भारतात अनोळखी नाही. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ पासून संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली. प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या शिफारशीनंतर १९६८ पासून केंद्रात कार्यक्रम अंदाजपत्रके निघू लागली. महाराष्ट्राने १९८६ मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला आणि २००५ मध्ये केंद्राने फलनिष्पत्तीचे अंदाजपत्रक आणले. यांपैकी प्रत्येक पद्धतीचे कूळ एकच नसले तरी आकांक्षा एकच होती. पैसा कोठे गेला एवढे न विचारता त्यातून काय साधले हे विचारावे. आणि प्रत्येकीच्या वाट्याला थोडाफार तोच अनुभव आला. परिपत्रक निघते, नमुना येतो, कारकून रात्री जागून रकाने भरतात, शिक्षक पटसंख्येचे आकडे देतात. रकाना भरला म्हणजे काम झाले, असे वरच्यांनाही वाटते आणि खालच्यांनाही.

दोष रकान्याचा नाही. गावातील शाळेला वर्षाकाठी किती रुपये दिले हे विचारण्यापेक्षा तेथील किती मुलांना नीट वाचता येते हे विचारणे केव्हाही चांगले. पण मुलांची केवळ हजेरी मोजून शिक्षण मोजल्याचे समाधान मानणारे खाते हे जहाजे वाचविली म्हणून युद्ध जिंकले असे मानणाऱ्या खात्याच्या जातीचे असते. आणि संरक्षण म्हणजे प्रश्न विचारण्याची सोयच नाही, असे मानणारी संसद तर त्याही मागे असते. देशभक्तीच्या नावाखाली विचारांना बंदी घातली तर सैनिकाचेही भले होत नाही. चुकीच्या शस्त्रावर गेलेला पैसा त्याच्याच पायातल्या बुटांतून वजा होत असतो.

हिच यांच्या आयुष्याचा बोध घ्यावयाचा तर तो दोन्ही बाजूंनी घ्यावा लागेल. हिशेब टाळणाऱ्यांना त्यांनी सांगितले की, हिशेब टाळल्याने निवड टळत नाही, ती केवळ आंधळी होते. हिशेबाच्या भक्तांना त्यांनी सांगितले की, माप निवडण्याचे काम कोणतेही गणित करून देत नाही. ते लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी चर्चेने, उघडपणे करावयाचे असते. त्यांचे पहिले सांगणे पेंटॅगॉनने उचलले. दुसरे सांगणे मात्र त्यांच्या अनुयायांनीच पुष्कळदा विसरावे, आणि त्याची किंमत व्हिएतनाममधील खेड्यांनी मोजावी, ही गोष्ट प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी आठवावी अशी आहे.